नामा तुर्भ्याला गेला

१२ एप्रिल, रविवार

हरलो. तीन-एक. तो एक गोलसुद्धा त्यांच्याच बॅकच्या गुडघ्याला लागून आत गेला. आमचं कर्तृत्व शून्य.

सामन्यानंतर कुलदीपशेठ ऑफिसात आले. ऑफिस म्हणजे मैदानाच्या कडेची पत्र्याची खोली, एक टेबल, माझी खुर्ची आणि कुरकुरणारा पंखा. शेठचं वाशीला कोल्ड स्टोरेज आहे. सहा वर्षांपूर्वी त्यांनी शिरवण्याचा हा गावचा क्लब चालवायला घेतला, पोरांना पगार सुरू केले आणि शिरवणे स्पोर्टिंग राज्याच्या दुसऱ्या विभागात व्यावसायिक संघ म्हणून खेळायला लागला. आज ते बसलेच नाहीत. उभ्याउभ्या म्हणाले, "सुनीतीताई, यंदा खाली गेलो तर मी शटर पाडणार. तिसऱ्या विभागात टीम चालवायला मी काय येडा आहे?"

कोच अभिराम खाली मान घालून बुटाची लेस सोडत होता. एकच लेस, कितीतरी वेळ.

मी विचारलं, "आणि पन्नास वर्षांचं पुस्तक?"

"ते होऊ द्या. क्लब गेला तरी पुस्तक राहील."

म्हणजे मी काय बाराव्याला वाटायचं पुस्तक लिहितेय? तोंडावर आलं होतं, गिळलं.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर नेरूळच्या फ्लॅटमध्ये जयप्रकाशबरोबर शब्दकोडी सोडवत बसणं मला जमेना, म्हणून हे काम धरलं. लीगची पत्रं, खेळाडूंची नोंदणी आणि आता क्लबचा इतिहास. जयप्रकाश म्हणतो, "तुझा काय संबंध गं त्या गावाशी?" संबंध नाही, पण माझं माहेर कोल्हापूरचं. पेठेत जन्मलेल्या माणसाला फुटबॉल शिकवावा लागत नाही. चार भावांच्या चिखलाच्या जर्स्या मी धुतल्यात.

१५ एप्रिल, बुधवार

गोटीरामनाना सांगतात आणि मी लिहिते. नाना शहात्तर साली क्लब काढणाऱ्या अकरांतले. आता मैदानाला पाणी मारतात, चुना ओढतात आणि माझ्या प्रत्येक सूचनेला "हो हो" म्हणून काहीच करत नाहीत. कडेच्या दगडाचंच घ्या. मैदानाच्या लांब बाजूला, रेषेला लागून, एक शेंदूर फासलेला दगड आहे. खेळाडू आपटतील म्हणून लीगच्या तपासनिसानं तो काढायला सांगितलाय. मी नानांना दोनदा लेखी कळवलं. परिणाम एवढाच, की दगडावर गोणपाट आलं.

आज त्र्याण्णव सालापर्यंत पोचलो. नाना एकदम खुलले. "नामाच्या वक्ताला आपली टीम कोनाला आयकत नवती मॅडम. सात नंबर. बॉल त्याच्या पायाला चिकटलेला."

"मग त्या वर्षी अर्ध्यातच टीम मोडली कशी?"

नानांनी टोपी काढली, परत घातली. "मंग काय. नामा तुर्भ्याला गेला. टीम बसली." आणि उठून पंप चालू करायला गेले.

मला कळायचं ते कळलं. आमच्या पेठेत तालीम म्हणजेच फुटबॉलचा संघ, आणि अमका त्या तालमीला 'गेला' म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माझ्या थोरल्या भावाचा मित्र असाच शेजारच्या पेठेतल्या संघाकडून उतरला, तर त्याच्या आईशी वर्षभर नळावर कुणी बोललं नाही. इथंही राग तेवढाच दिसतो. सात नंबरची जर्सी तेव्हापासून कुणालाच दिलेली नाही. पळून गेलेल्याचा नंबरसुद्धा नको!

मी लिहिलं: 'ऐन मोसमात आघाडीचा खेळाडू नामा तुर्भ्याच्या संघात गेला. क्लबच्या इतिहासातली ही पहिली फितुरी.' फितुरी हा शब्द फक्कड बसलाय.

१९ एप्रिल, रविवार

शून्य-शून्य, आणि तो शून्य केतनचा. आमच्या गोलकीपरनं आज जे जे अडवलं ते बघून मला शिट्टी वाजवावीशी वाटली. वय आडवं आलं. खाली जाण्याच्या जागेपासून आम्ही जेमतेम वर आहोत. शेवटच्या सामन्यात बरोबरी साधली तरी तरलो. हरलो तर संपलं. शेवटचा सामना कुणाशी, तर शेजारच्याच तुर्भ्याशी.

केतननं लग्नाची पत्रिका दिली. उलव्याची मुलगी आहे, पायल. सोमवार, अकरा मे. पत्रिका एवढी मोठी की टेबलावर मावेना. अर्ध्या गावाची नावं त्यात.

लीगचं पत्रही आलं. दोन मेचा आमचा हा शेवटचा सामना पुढं गेलाय; दहा किंवा सोळा, यांतली एक तारीख आजच कळवा. सोळाला केतन नव्या बायकोला घेऊन कुठंतरी डोंगरावर असणार. दहाला रविवार, लग्न सोमवारी, नवरदेव मोकळाच. दहा कळवून टाकली. असल्या गोष्टी मीटिंगा घेऊन ठरवायला लागलं की आठ दिवस जातात.

२२ एप्रिल, बुधवार

समाज मंदिरात पुस्तकाचा मसुदा वाचून दाखवला. गर्दी चांगली होती. केतनची आजी विमलबाई पहिल्या रांगेत. ही गावची धवलारीण. लग्नात ब्राह्मण असो नसो, धवले गाऊन लग्न लावायचा मान तिचा.

मिठागरातल्या पोरांनी बांबूचे गोल कसे उभे केले, त्याला टाळ्या पडल्या. त्र्याण्णव सालावर आले, फितुरीचं वाक्य जरा आवाज चढवून वाचलं, आणि सभागृह असं गप्प झालं की माईकची घरघर ऐकू आली. जखम अजून ओली आहे म्हणायची. लिखाणाचा परिणाम व्हावा तो असा.

विमलबाई चहाच्या आधीच उठून गेल्या. म्हातारं माणूस, फार वेळ बसवलं नसेल.

२४ एप्रिल, शुक्रवार

केतन आज फॉर्म टेबलावर टाकून निघून गेला. मॅडम नाही, काही नाही. एरवी हा पोरगा जाताजाता माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी पळवतो. लग्नाचं टेन्शन असणार. नानाही आज इतिहास सांगायला आले नाहीत. दाढ दुखते म्हणाले.

२७ एप्रिल, सोमवार

अभिराम दारातूनच ओरडत आला. "मॅडम, दहा तारीख कोणी दिली?"

"मी. का?"

"दहाला केतनची हळद आहे!"

"मग? सकाळी पाटावर बसवतील, अर्ध्या तासात उरकेल. सामना साडेचारला."

तो खुर्चीत बसला आणि कपाळ चोळत म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडची हळद नाही ही. इथे लग्नाला नाही गेलं तर एक वेळ चालतं. हळदीला नाही गेलं तर वैर. आणि ते पण सोडा. सकाळी हळद लागली की नवरा लग्नापर्यंत गावाची वेस ओलांडत नाही. वेस म्हणजे ती कमान. मैदान कमानीच्या बाहेर, रस्त्यापलीकडे."

मी पत्रिका काढून पाहिली. हळदी समारंभ, रविवार दहा मे. खाली, बारीक अक्षरात. पण बारीक अक्षरात छापायचंच कशाला म्हणते मी! एवढा महत्त्वाचा कार्यक्रम असेल तर वर छापावा.

लग्न पुढं ढकलता येत नाही. सतरा मेपासून अधिक महिना लागतोय, पुढं महिनाभर मुहूर्त नाही, आणि त्याआधीच्या तारखांना एकही हॉल रिकामा नाही. लीगला तारीख बदलण्यासाठी पत्र पाठवलंय. दुसरा गोलकीपर आहे कान्हा. छत्तीस वर्षांचा, मॉलमध्ये सिक्युरिटीला, एक गुडघा कामातून गेलेला. यंदा एकाच सामन्यात उभा राहिला आणि पाच गोल खाल्ले.

कुलदीपशेठना अजून कुणी सांगितलेलं नाही. मी तर मुळीच सांगणार नाही.

२९ एप्रिल, बुधवार

विमलबाईंकडे जाऊन आले. चार मजली घर, खालचा मजला त्यांचा. अंगणात बायका हळकुंडं निवडत होत्या. भिंतीवर हार घातलेला एका तरुणाचा फोटो होता, काखेत चेंडू. त्यांचे यजमान असावेत, तरुणपणीचे.

मी आधी गोडीत घेतलं. हळद सकाळऐवजी संध्याकाळी लावा म्हटलं.

"आपली उष्टी हलद उलव्याला जाते, बाय. ती पोचल्याबिगर नवरीला लावीत नाय. सांजचं लावू तं तिकडं पोरीनं काय रातभर बसून ऱ्हायाचं?"

मग मी जरा स्पष्ट बोलले. काळ कुठं चाललाय, शेजारी विमानतळ झाला, आणि आपण एका रस्त्यापलीकडं पाय ठेवायला घाबरायचं? साठ माणसांचं पोट या क्लबावर आहे. एका समजुतीपायी क्लब बुडवायचा का?

त्यांनी हातातलं हळकुंड परातीत ठेवलं. मग म्हणाल्या, "तुर्भ्याच्या टीमशी हाय ना म्याच?"

"हो."

"तवाबी त्यांच्याशीच व्हती."

कधी, ते मी विचारलं नाही. माझा मुद्दा अर्धवट राहिला होता, तो पुरा करायच्या नादात होते. सगळ्या बायका कामं थांबवून माझ्याकडं बघत होत्या. निघताना चहा आला नाही. या गावात पहिल्यांदाच मी चहाशिवाय बाहेर पडले.

३० एप्रिल, गुरुवार

लीगचं उत्तर. तारीख बदलणार नाही. आपणच कळवलेली तारीख आहे याची नोंद घ्यावी, अशी एक ओळ जादा. चाळीस वर्षं मी लोकांना हीच ओळ लिहीत आले, अशी लागते हे माहीत नव्हतं.

शेठना कळलं. फोनवर मला म्हणाले, "ताई, तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईनं..." आणि पुढचं बोललेच नाहीत.

२ मे, शनिवार

सकाळी मैदानावर गेले. नाना पाणी मारत होते. मी वैतागलेलीच होते. म्हटलं, "नाना, हे गाव असंच. त्र्याण्णवला तो नामा टीम सोडून पळाला, आता केतन हळदीपायी घरात बसणार. ऐन वेळेला दगा द्यायची रीतच आहे वाटतं इथं."

नानांनी पंप बंद केला. "कोन पलाला?"

"नामा. तुर्भ्याच्या टीममध्ये गेला ना?"

"टीममधी?" ते माझ्याकडं बघतच राहिले. मग पाइप खाली ठेवून माझ्यासमोर आले. "मॅडम, नामा म्हंजे विमलबायचा मोठा पोर. केतनचा काका. त्याची हलद व्हती त्या दिवशी. तुर्भ्याला फायनल. आमीच बोलवाया गेलू त्याला, मी आन आजून दोघं. बोललू, चल, तासाभरान परत येशील. आयस नको नको करीत व्हती. त्यानं आंगावरची हलदबी पुसली नाय, वरनं जर्सी घातली आन सायकल काढली. रेतीचा ट्रक आला मागनं."

"तुर्भ्याला गेला," नाना म्हणाले. "पोचला नाय."

पाइपातलं उरलेलं पाणी माझ्या चपलांखालून चाललं होतं. नाना पुढं म्हणाले, "तुमी त्या दिवशी वाचलंत तवा मना वाटलं, मॅडमना कोनीतरी उलटं सांगितलंय. मंग ध्यानात आलं, सांगनारा मीच."

३ मे, रविवार

त्या बाईसमोर, माईकवर, आवाज चढवून. तिच्या मेलेल्या मुलाला फितूर म्हटलं. आणि शब्द फक्कड बसलाय म्हणून इथं वर लिहून ठेवलंय. आठवडाभरानं तिच्याच घरात जाऊन, त्याच्याच फोटोखाली उभं राहून, तिला समजुतीवर भाषण दिलं.

मला माझी लाज वाटते. दुसरं काही लिहायचं नाही.

४ मे, सोमवार

माफी मागायला गेले होते. जिन्याजवळ पोचले तर आतून बायकांचं गाणं ऐकू आलं. तिथूनच परत फिरले. जयप्रकाशला सगळं सांगितलं. तो कधी नव्हे ते कोडं बाजूला ठेवून म्हणाला, "जाशील. पण आत्ता तिच्या मागं क्लबची विनवणी घेऊन जाऊ नकोस. ते वेगळं ठेव." बरोबर आहे त्याचं. सामन्याबद्दल मी आता एक शब्द बोलणार नाही. क्लब बुडायचा तर बुडू दे.

(बुडू नये. खोटं कशाला लिहू.)

६ मे, बुधवार

आज जे झालं ते माझ्या हातून झालं नाही, नानांच्या हातून झालं.

सराव संपल्यावर पोरं पारावर बसल्यासारखी मैदानाच्या कडेला बसली होती. केतन सगळ्यांत लांब. कुणीतरी म्हणालं, कमान दोनशे पावलं अलीकडं बांधली असती तर बरं झालं असतं. त्यावर नाना उसळले.

"कमान कवाची रं? नगरसेवकानं बांधली, तुमी चड्डीत व्हता तवा. ती काय येस हाय? येस म्हंजे येशीचा देव!"

आणि जाऊन त्या दगडावरचं गोणपाट ओढून काढलं.

मी विचारलं, "नाना, हा दगड... मूळ जागेवरच आहे ना? मी हलवायला सांगितला होता."

"बोललू हलवतो. देव हलवतात काय?"

म्हणजे माझी दोन पत्रं पाळली गेली असती तर सगळंच संपलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा मला कामचुकारपणाचं कौतुक वाटलं.

रस्ता नंतर झाला, कारखाने नंतर आले. शिरवण्याची शीव या दगडापर्यंत. अभिराम धावत जाऊन टेप घेऊन आला. दगड नेमका कुठं यावा? मैदान दुभागणाऱ्या अर्ध्या रेषेवर! एक गोल वेशीच्या आत, दुसरा बाहेर, तुर्भ्याच्या रस्त्याच्या अंगाला. सगळे एकदम हसायला लागले. केतनसुद्धा. कितीतरी दिवसांनी.

विमलबाईंना बोलावून आणलं. त्या दगडापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या, शेंदराला बोट लावलं. मी खांबाआड होते. त्यांनी केतनला एवढंच सांगितलं, "या अंगाला खेल. त्या अंगाला पाय नाय टाकायचा."

म्हणजे पहिला अर्धा केतन, दुसऱ्या अर्ध्याला बाजू बदलल्या की कान्हा. अर्थात टॉस आपल्या मनासारखा झाला तर. नाही तर उलटं.

८ मे, शुक्रवार

शेठ फोनवर: "अर्ध्या मैदानाचा गोलकीपर! लीगमध्ये मी तोंड कसं दाखवू?" पण हळदीला येणार आहेत. निमंत्रण मोडायची त्यांचीही छाती नाही.

कान्हाच्या गुडघ्याला बर्फ. सरावात दहांतले सहा आत गेले. अभिराम मला सारखं विचारतो, "पंचेचाळीस मिनिटं काढेल ना, मॅडम?" मी काय ज्योतिषी आहे? हो म्हणते.

जेवण जात नाही. पुस्तकातलं ते वाक्य खोडलं. त्याजागी घेतलेलं नवं पान तसंच कोरं आहे.

१० मे, रविवार

हळदीच्या मांडवात एका कोपऱ्यात बसून लिहितेय. संध्याकाळ आहे, डीजेनं खुर्ची हादरतेय, अक्षर वाकडं येणार. उद्यावर टाकलं तर नीट आठवणार नाही.

सकाळी हळद लागली. चारला केतन आला, कान, मान, मनगटं पिवळी. कमानीखालून निघताना त्याच्या दोन्ही बाजूंना काका-मामा चालत होते, रस्ता ओलांडताना तर हात धरून. मागून अख्खं गाव. एवढं पब्लिक आमच्या सामन्याला कधी आलं नव्हतं. बायका हळदीच्या साड्यांतच.

टॉस हरलो. तुर्भ्याच्या कॅप्टननं आतली बाजू निवडली असती तर कान्हाला पहिल्याच मिनिटापासून उभं राहावं लागलं असतं. त्यानं केतनच्या मानेकडं पाहिलं, दगडाकडं पाहिलं आणि रेफ्रीला म्हणाला, "किक-ऑफ आमी घेतो. बाजू त्यांना घेऊ द्या." नंतर कळलं, तोही गावठाणातलाच. नामाची गोष्ट तुर्भ्यातही सांगतात.

पण दया तेवढ्यापुरतीच. त्यानंतर पंचेचाळीस मिनिटं त्यांनी आमचा पिट्टा पाडला. केतननं एक पायानं काढला, एक पोटात घेतला, एक बोटाच्या टोकानं बारवरून. पिवळा ठसा चेंडूवर उमटला, रेफ्रीनं तो पुसून घेतला. शून्य-शून्य.

मध्यंतर. कान्हा ग्लोव्ह्ज चढवत होता आणि तोंडानं देवाचं नाव घेत होता. केतन अर्ध्या रेषेपाशी येऊन थांबला. पुढं वेस. त्यानं कान्हाच्या पाठीवर थाप मारली, पण चेहरा बघवत नव्हता. शेठ माझ्याशेजारी होते. ते हळूच म्हणाले, "संपलं, ताई."

तेवढ्यात बायकांत हालचाल झाली. विमलबाई उठल्या. हातात हळदीची वाटी, दुसऱ्या हातात प्लास्टिकची खुर्ची. रेषेच्या कडेकडेनं चालायला लागल्या. दगडापाशी आल्या, वाकून नमस्कार केला, आणि दगड ओलांडून पलीकडं गेल्या.

नानांनी माझा दंड धरला. "तेहतीस सालात त्या अंगाला पाय टाकला नाय तिनं," म्हणाले.

त्या चालतच राहिल्या. बाहेरच्या गोलामागं जाऊन खुर्ची टेकवली, बसल्या आणि धवला म्हणायला लागल्या. आधी एकटीचा बारीक आवाज, मग मागून गेलेल्या सगळ्या बायकांचा. रेफ्री घड्याळ बघत होता. केतन हलेना.

"बगतोस काय?" विमलबाई तिथून ओरडल्या. "धवलारीन बसते तो मांडव! मांडवान यायाला मुहूर्त बगतोस काय?"

केतननं दगडाला हात लावून तो कपाळाला लावला आणि रेषा ओलांडली. कान्हानं ग्लोव्ह्ज काढून आकाशाकडं बघत म्हटलं, "गुडघा वाचला रे देवा." मी रडत होते. शेठनी मला रुमाल दिला आणि मग तोच परत मागून घेतला.

खेळ चमत्कारानं चालत नाही. दुसऱ्या अर्ध्यात दहाव्या मिनिटाला तुर्भ्यानं गोल केलाच. केतनच्या हाताला लागून आत. गाव चिडीचूप. धवले मात्र थांबले नाहीत. नंतरचा वेळ कसा गेला मला सांगता येणार नाही. मी फक्त घड्याळ बघत होते आणि ते खोटं बोलतंय असं वाटत होतं. शेवटची सात मिनिटं उरली असताना आमचा कॉर्नर आला, गोलासमोर ढकलाढकली झाली, चार पायांना लागून चेंडू रेषेपार गेला. कुणाचा गोल म्हणून लिहायचं ते उद्या ठरवेन. एक-एक.

आणि शेवटच्या मिनिटाला त्यांचा सात नंबर एकटा सुटला. केतन आणि तो. बाकी सगळे मागं.

तेव्हा माझी नजर गोलामागं गेली. विमलबाई सामन्याकडं पाठ करून बसल्या होत्या. खुर्ची फिरवून, तुर्भ्याच्या रस्त्याकडं तोंड करून. पंचेचाळीस मिनिटं तशाच बसल्या असणार. एकही चेंडू त्यांनी पाहिला नव्हता. येणारा-जाणारा एकेक ट्रक त्या बघत होत्या.

हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

केतननं तो चेंडू छातीवर घेतला. शिट्टी झाली. आम्ही राहिलो.

परतताना रस्ता ओलांडायच्या वेळी सगळ्यांनी गाड्या अडवून धरल्या. विमलबाई केतनचं मनगट धरून चालत होत्या. कमानीच्या आत आल्यावर त्यांनी ते सोडलं आणि रस्त्यातच खाली बसल्या.

११ मे, सोमवार

लग्न लागलं. पायल मोठी गोड आहे. हातावरच्या मेंदीत तिनं गोलपोस्ट काढून घेतलाय.

जेवणं चालू असताना विमलबाईंनी मला खुणेनं बोलावलं. आता पळायला जिना नव्हता. मी गेले, त्यांच्या पायाला हात लावला. म्हटलं, "विमलबाई, मी तुमच्या पोराबद्दल फार वाईट लिहिलं. मला 'गेला' या शब्दाचा अर्थ कळला नाही. माफ करा."

त्यांचा आवाज धवले म्हणून बसला होता. "लय लागलं मना," म्हणाल्या. "घरी येऊन जेवले नाय मी. तीस सालान पयल्यांदा कोनी माईकवर त्याचं नाव घेतलं, आन ते आसं."

"खोडलं मी ते. सगळं खोडलं."

"नावबी?"

"हो."

"नाव कनाला खोडलंस?" त्यांनी माझा हात घट्ट धरला. "खेललाय तो. आठ सालं खेललाय. नाव ऱ्हाऊ दे."

"मग काय लिहू? ट्रकचं लिहू?"

त्यांनी मान हलवली. मांडवात पोरं नाचत होती, मधे केतन, कान्हा दुखऱ्या गुडघ्यावर. विमलबाई त्यांच्याकडं बघत म्हणाल्या, "गोटीरामनं कसं सांगितलं व्हतं तुला?"

मी सांगितलं.

"मंग तसंच लिव. गावाला कलतं."

शेजारी बसवून त्यांनी मला स्वतःच्या हातानं वाढलं, आणि जेवण होईपर्यंत चहाचं तीनदा विचारलं.

घरी आल्यावर ते कोरं पान काढलं. वर त्र्याण्णव साल घातलं. सात नंबर, आठ मोसम, गोलांचा आकडा नानांना विचारून भरायचा. त्याखाली एक ओळ लिहिली, पहिल्या दिवशी नानांनी सांगितली होती तीच, शब्दन् शब्द.

नामा तुर्भ्याला गेला.